सहा वर्षांचे मासे

दर सोमवारी दादा पिशवीभर माशांची मुंडकी घेऊन प्रयोगशाळेत यायचा आणि दारातूनच ओरडायचा, "चष्मू, आणली गं तुझी डोकी!" सगळा जन्म होडीवर काढलेल्या या माणसाला, आपली धाकटी बहीण मेलेल्या माशांच्या कानात काय शोधते हे काही उमगत नव्हतं. पण तिने मागितलं आणि त्याने आणलं नाही, असं लहानपणापासून कधी झालं नव्हतं.

त्या सोमवारी स्वारी भलतीच खुशीत होती. "सगळे हातभर लांब! एक बारका नाही जाळ्यात. आणि ऐक, तुझी भाची उद्या नोकरीचा राजीनामा देतेय. होडी आता तिची. मी नुसता काठावर बसून चुका काढणार."

बहिणीने हातातलं हाड खाली ठेवलं.

तीन आठवडे ती तेच बघत होती. माशाच्या कानातलं हाड कापायचं, घासून पातळ करायचं आणि भिंगाखाली त्यावरची वर्तुळं मोजायची. दर वर्षाला एक. ऐंशी मासे झाले. कुणी सहा वर्षांचा, कुणी सातचा. सहाच्या आतला एकही नाही. आणि शेजारची खाडी बुजवून तिथे धक्का बांधला, त्याला सहावं वर्ष चालू होतं.

हे मासे अंडी घालायचे बाहेर, समुद्रात. पिल्लं मात्र भरतीबरोबर खाडीत यायची, पाणगवतात लपून वाढायची आणि अंगात बळ आलं की बाहेर पडायची.

खाडी बुजवण्याआधीची पाहणी हिनेच केली होती. तीन दिवस जाळं ओढलं, दर खेपेला नखाएवढ्या पिल्लांनी भरून आलं. पण तक्त्यात रकाना होता 'विक्रीयोग्य मासे'. तिने लिहिलं, 'एकही नाही.' अक्षर न् अक्षर खरं होतं. वेळेत काम केलं म्हणून साहेबांकडून शाबासकीही घेऊन आली बाई!

"दादा, बारके नाहीत म्हणून खूश होऊ नकोस," ती म्हणाली. "बारके उरलेच नाहीत."

"तुझं आपलं काहीतरीच."

तिने त्याला भिंगापुढे बसवलं. तो मोठ्याने मोजू लागला. सहा. दुसरं हाड, सात. तिसरं, पुन्हा सहा.

"पाचवाला दाखव."

"नाही."

"चारवाला?"

"एकही नाही रे. खाडी बुजवल्यानंतरचा एकही नाही."

दादा अडाणी असेल, बावळट नव्हता. बराच वेळ त्याने भिंगावरून डोळा काढला नाही.

"म्हणजे हे संपले की..."

"संपले. दोन वर्षं, फार तर तीन."

"खाडीत मासे नाहीत असं कुठल्या गाढवाने लिहून दिलं होतं? सापडला असता तर सोलून काढला असता."

त्या कागदावरची सही दादाने कधी पाहिली नव्हती. भाचीचा राजीनामा थांबवायला ती दाखवायची गरजही नव्हती. गप्प बसली असती तरी चाललं असतं. तिला रडू फुटलं.

"मी," ती म्हणाली. "मीच लिहिलं, दादा."

तो ओरडला नाही. रिकामी पिशवी त्याने नीट घडी करून खिशात घातली. मग फोन काढून लेकीला लावला.

"बाबा! आत्याला सांगितलंत? काय म्हणाली?" पोरीचा आवाज आनंदाने नुसता फुटत होता.

दादाने फोन बहिणीपुढे धरला.