न उघडलेली पानं

मित्रांनो, मी फारशी जुनी नाही. माझ्या मुखपृष्ठाचे रंग ताजे आहेत, कागदाचा वासही अजून गेलेला नाही. तरीही कुणी मला हातात घेऊन "छान आहे म्हणे हे, पेपरात वाचलं होतं" असं म्हटलं, की मला कपाटात मागे सरकून बसावंसं वाटतं. असं का, ते सांगते.

मी एका कथासंग्रहाची प्रत आहे. हरसूलकडच्या शाळेत शिकवणाऱ्या रोशनीताईंचं हे पहिलंच पुस्तक. माझा जन्म अंबडच्या एका छापखान्यात झाला. कडा कापायच्या यंत्रात जाताना माझे शेवटचे काही कागद आत दुमडले गेले. त्यांची वरची कड कापलीच गेली नाही आणि ती पानं एकमेकांना जोडलेलीच राहिली. कुणाच्या लक्षात आलं नाही. माझ्यावर 'अभिप्रायासाठी' असा शिक्का बसला आणि मी पाकिटातून पाथर्डी फाट्याजवळ, योगिनीताईंच्या घरी आले.

योगिनीताई मराठीत एम. ए. आहेत. नोकरी नाही, पण एका वृत्तपत्राच्या रविवारच्या पुरवणीत त्या नव्या पुस्तकांवर लिहितात. पूर्वी त्या पुस्तक दोनदा वाचल्याशिवाय लिहायला बसत नसत, असं कपाटातली जुनी पुस्तकं मला सांगायची. आता घरात लहानगी लेक आहे. ताई एका हातात मला धरायच्या आणि दुसरा हात बाळाच्या पोटावर. जरा वाचलं की बाळाचं कपाळ चाचपायचं, मग पुन्हा तीच ओळ. तरी सुरुवातीच्या कथा त्यांनी मनापासून वाचल्या. एका ठिकाणी हसल्या, पेन्सिलीनं खूण केली. मला केवढा अभिमान वाटला होता.

मग बाळाला ताप आला. दवाखाना, औषधं, ओल्या पट्ट्या. त्यातच पुरवणीवाल्यांचा फोन, की लेख आजच हवा. ताईंनी मला उलटं करून मागचा मजकूर वाचला, अनुक्रमणिकेवरून बोट फिरवलं आणि 'वसतिगृह' या शेवटच्या कथेबद्दल लिहून टाकलं, 'आई आणि लेकीच्या मायेची ही हृद्य कथा म्हणजे संग्रहाचा कळस आहे.' ती पानं त्यांनी उघडलीच नव्हती. लेख छापून आला. लोकांनी वाहवा केली. माझी लाज तिथून सुरू झाली.

एका दुपारी रोशनीताई आभार मानायला आल्या. बरोबर त्यांची आई, सुलाबाई, आणि पिशवीत घरचा तांदूळ. सुलाबाईंना वाचता येत नाही. पण आपल्यावरची गोष्ट पेपरवालीला आवडली, हे त्यांना गावात कळलं होतं. तेव्हापासून त्यांनी लेकीच्या मागे टुमणं लावलं होतं, की मला वाचून दाखव. लेक टाळत होती. आज चष्मा नाही, उद्या वह्या तपासायच्यात. शेवटी सुलाबाईंनीच ठरवलं, जिनं पेपरात लिहिलं तीच वाचेल. आल्या आल्या त्यांनी हे सगळं ताईंना सांगूनही टाकलं.

रोशनीताई घाईनं म्हणाल्या, की राहू दे, मॅडमना बाळ सांभाळायचं असतं. पण सुलाबाईंनी बाळाला केव्हाच मांडीवर घेतलं होतं.

"पोर माझ्याकडं हाय. तू वाच, ताई."

योगिनीताईंनी मला उघडलं. पानं जोडलेली. त्यांचं बोट कडेपाशी थांबलं. रोशनीताईंनी ते पाहिलं आणि त्या खिडकीबाहेर बघू लागल्या.

"नवं हाय ना, म्हणून चिकटलं असंल," सुलाबाई म्हणाल्या.

किती सोपी सुटका होती ती. पण ताईंनी मान खाली घातली.

"नाही मावशी. मी ही गोष्ट वाचलीच नाही. न वाचता लिहिलं."

"मंग आता वाच की."

ताईंनी स्वयंपाकघरातून सुरी आणली, माझी पानं सोडवली आणि वाचायला लागल्या. वसतिगृहात राहणारी एक मुलगी. तिला भेटायला आई येते, विटकं लुगडं, डोक्यावर बोचकं. मैत्रिणी विचारतात, कोण गं ही? मुलगी म्हणते, आमच्या गावची बाई आहे, निरोप घेऊन आलीय.

ताई तिथेच थांबल्या. रोशनीताई इतके दिवस का टाळत होत्या, ते आता त्यांना कळलं. रोशनीताईंनी ओढणी तोंडाला लावली होती.

"थांबू नको," सुलाबाई बाळाला थोपटत म्हणाल्या. "मी दाराशीच व्हते तवा. समदं आयकलं. काय झालं ते मला ठाव हाय. हिला काय वाटलं, तेवढं वाच."

ताईंनी शेवटपर्यंत वाचलं. सुलाबाईंचा एक हात बाळावर होता, दुसरा त्यांनी लेकीच्या पाठीवर ठेवला होता.

निघताना रोशनीताई दाराशी थांबल्या.

"मॅडम, तुम्ही मायेची कथा असं लिहिलंत ना, तेव्हा मला वाटलं होतं, कुणीतरी हे सगळं वाचूनही मला माफ केलं."



मित्रांनो, माझ्या त्या पानांच्या कडा आता वेड्यावाकड्या दिसतात. त्याचं मला काही वाटत नाही. पुस्तकाचा कंटाळा आला तर मिटून ठेवा. आवडलं नाही तर तसं सांगा. वेळ झाला नाही तर झाला नाही म्हणा, पुस्तकं रागावत नाहीत. पण ज्या पानावर कुणीतरी मोठ्या कष्टानं आपल्या मनातली लाज लिहून ठेवली आहे, ते पान न उघडता त्याला छान म्हणू नका.