पाळीच्या दिवशी येणारी गंगा

"हटा, हटा! गंगामाई येतीया!"

गंगाबुवांच्या चेल्यानं आरोळी ठोकली आणि नदीकाठची गर्दी एकदम मागं सरली. अंथुर्ण्याजवळची ती लहानशी नदी. उन्हाळ्यात तिच्यात पाणी असायचं ते झऱ्यांचंच, आणि एकोणीसशे चौतीसच्या त्या चैत्रात झरेही दमले होते. काठाखालच्या कोरड्या खड्ड्यात काठी रोवून गंगाबुवा सकाळपासून हुंकार काढत होते. काशी, हरिद्वार, त्र्यंबक अशी एकेक ठाणी ते रेल्वेच्या गार्डासारखी पुकारत होते. दुपार कलल्यावर खड्ड्यातली वाळू भिजली, हलली आणि बुडबुडत पाणी वर आलं. मग सकाळपासूनचे हुंकार का लागू पडले नाहीत, हे कुणी विचारलं नाही. ठमाबाईंनी तर तिथंच लोटांगण घातलं.

"लेकरांनो," बुवा म्हणाले, "विंग्रजी गोळी रगात जाळती, ही माय रगात धुती. पुढल्या अमावास्येला माय पुन्हा येईल. समद्या हिवतापवाल्यांनी हितं मुक्काम टाका. हिचंच पाणी प्या, हिच्यातच न्हावा. पर पोटात गोळी असली, तर माय पाठ फिरवंल!"

गर्दीत कौसल्या उभी होती, कडेवर तापानं सुकलेली लेक घेऊन. तीन मुलींवर चौथी झाली म्हणून बाप मानसिंगानं तिचं नाव नकोशी ठेवलं होतं. दवाखान्यातल्या हिवतापावरच्या कोयनेलच्या गोळ्यांनी तिचा ताप उतरणीला लागला होता. पण त्या संध्याकाळी मानसिंगानं गोळ्यांची पुडी चुलीत टाकली.

"मला पोरगी पायजे," तो म्हणाला. नाव ठेवल्यापासून पहिल्यांदाच म्हणाला. कौसल्येला त्याच्यावर रागावताही येईना.

मग मारुतीच्या पारावर मुक्कामाची बोलणी सुरू झाली. बाया एका अंगाला बसल्या होत्या.

"माझ्या गाडीवर तट्ट्या बांधू," दत्तोबा म्हणाला. "बायामाणसांचा आडोसा हुईल."

"जातं घ्यायाचं का बरूबर?" ठमाबाईंनी विचारलं.

"कशाला? गंगामाई दळून देईल की," फुलाबाई म्हणाली. "तुमी नुसतं लोटांगण घाला, आत्याबाई!"

"सरपण माझ्याकडं लागलं," मानसिंग म्हणाला. "चुली तितंच तीन दगडांच्या मांडू."

नकोशी आईच्या मांडीवरून हळूच म्हणाली, "आये, वाळूत झोपायचं व्हय? माझी भावली घ्यायची."

"घ्यायची बाई."

एवढ्यात मोहनराव खाकरले. "समदं खरं, पर आवसंला आपली पाळी हाय. उसाला दारं कोण धरणार?"

गावाच्या वरच्या अंगानं पाट जायचा. त्याला पाणी सुटलं की गावाची पाळी. ज्याची वेळ त्यानं वाफ्याची दारं मोडायची आणि पाणी फिरवायचं. पाळी चुकली की ऊस वाळला.

"मागल्या बारीला बी पाळीच हुती की!" अप्पा म्हणाला. "त्याच्या आदल्या बारीला बी. बुवाला सांगा, जरा पाळी सोडून बोलवा म्हणावं गंगंला!"

सगळे खदखदून हसले. निम्म्यांनी मुक्कामाला जायचं, निम्म्यांनी दारं धरायची, असा तोडगा निघाला.

कौसल्या हसली नाही. दुसऱ्या दिवशी ती शाळेतल्या जोतीराम मास्तरांकडं गेली. "मास्तर, पाटाला पाणी येतं तवाच गंगा कशी येती?"

मास्तरांनी मागच्या पाळ्या बोटांवर मोजल्या. मग ते तडक बुवांकडं गेले. "महाराज, पाट बंद असताना एकदा बोलवा की माईला."

"माय काय तुझी मोलकरीण हाय?" बुवा गरजले. चेले हसले. मानसिंगानं मास्तरांचा हात धरून त्यांना बाजूला नेलं. "पोरगी माझी हाय, मास्तर. नडू नगा."

अमावास्येला गाड्या नदीवर सुटल्या. आडोसे उभे राहिले, चुली पेटल्या. बुवांनी हाक मारली आणि गंगा आली. नकोशीला त्या पाण्यात बुचकळून काढलं, तेव्हा तिचे दात वाजत होते. मुक्काम सरत चालला तशी ती भावलीही मागेना.

मग एका सकाळी कौसल्येनं बैलांच्या भुस्काटाची पाटी उचलली आणि ती मास्तरांबरोबर पाटावर चढली. खड्ड्यात गंगा फुटायची त्या उमाळ्याच्या अगदी वर, बाभळीच्या मुळाशी, पाण्यात लहानसा भोवरा फिरत होता. घुशीनं बांध पोखरला होता. कौसल्येनं पाटी रिकामी केली. भोवऱ्यानं भुस्काट गटागटा गिळलं.

दोघं खाली आली. लोक ओंजळी भरून तीर्थ घेत होते. एकाएकी ठमाबाई थुंकल्या. "आगं बया! ह्ये काय तोंडात?"

खड्ड्यात वाळूबरोबर भुस्काट वर येत होतं. बुवांच्या पायांभोवती त्याचं कडं झालं.

"माझ्या बैलांचं भुस्काट हाय, आत्याबाई," कौसल्या म्हणाली. "आत्ता वर पाटात टाकलं."

मास्तरांनी सगळ्यांना घुशीच्या बिळाचं सांगितलं. पाटाचं पाणी त्यातून आतल्या आत खाली उतरतं. पाळी सुरू झाली की उमाळा फुटतो, पाट बंद झाला की आटतो. पाळीची दवंडी बुवाही ऐकतो, तुम्हीही ऐकता. एवढंच त्याचं दैवत.

लोकांनी ओंजळीतलं पाणी सोडून दिलं. कौसल्येला वाटलं, सुटलो.

"आरं, पण पाटात पाणी कुणी आणलं?" बुवांनी काठी आपटली. "माझ्या हाकंनंच गंगा पाटात शिरली!"

"व्हय की," अप्पा पुटपुटला आणि त्यानं हात जोडले. ठमाबाईंनी तोंडात उरलेलं भुस्काट काढून पदराच्या गाठीला बांधलं, प्रसाद म्हणून.

एकट्या मानसिंगानं गाडी जुंपली. मास्तरांनी दिलेली गोळी नकोशीच्या गळ्याखाली उतरली नाही. बारामतीच्या डॉक्टरकडं पोचायचं होतं. काटेवाडीच्या अलीकडं मानसिंगानं मागं न बघताच विचारलं, "झोपली का?" कौसल्येनं लेकीच्या गार अंगावर भावली ठेवली आणि ती म्हणाली, "गाडी फिरवा."

पुढं पाटकऱ्यानं बीळ चिखलानं बुजवलं. उमाळा आटला तो कायमचा. गाव म्हणालं, कौसल्येनं पाणी बाटवलं म्हणून माय गेली. बुवा सुप्याकडं निघून गेले. तिथंही त्यांना गर्दी मिळाली.

कौसल्या म्हातारी झाली. अंथरुणं-भांडी भरलेली गाडी कुठल्यातरी नव्या झऱ्याकडं निघाली, की ती रस्त्यात आडवी उभी राहायची. गाडीत आजारी पोर आहे का, ते आधी बघायची आणि मग विचारायची, "त्या झऱ्याला पाणी कुठनं येतं, बघितलं का कुणी?" बहुतेक गाड्या तिला वळसा घालून पुढं जायच्या.

वाचणाऱ्यांनो, तुम्ही तरी थांबा. चमत्कार दिसला तर हात जोडण्याआधी त्याच्या वरच्या अंगाला चढून बघा. तेवढं जमलं नाही, तरी निदान पोराच्या तोंडातली गोळी काढू नका.