आसाकुसाचा कागद

सतीशने श्वास रोखून डाव्या हाताने अन्नपूर्णेची मूर्ती उचलली आणि उजव्या हाताने तिच्याखालचा घडीचा कागद ओढला. बाथरूममध्ये शॉवर चालू होता. हेमा बाहेर यायला पाच मिनिटं तरी होती. तेवढ्यात कागद खिशात, मूर्ती जागेवर, आणि खाली पार्किंगमधल्या गाफच्या, त्या वाळवंटी झाडाला गाठ मारून परत वर. खलास. पण कागद देव्हाऱ्याला घट्ट चिकटला होता. महिनाभर रोज हळदकुंकू वाहिल्यावर दुसरं काय होणार!

नऊ वाजता हॉस्पिटलला पोचायचं होतं. हेमाच्या हृदयाची एक झडप निकामी झाली होती, ती आज बदलायची होती. बॅग दाराशी तयार होती. आणि निघताना हा कागद घरात राहता कामा नये, एवढं एकच सतीशच्या डोक्यात कालपासून घण घालत होतं.

दुबई इन्व्हेस्टमेंट्स पार्कमधल्या त्याच्या फॅक्टरीने गेल्या महिन्यात त्याला नव्या मशीनच्या ट्रेनिंगला टोकियोला धाडलं होतं. शेवटचा अर्धा दिवस मोकळा मिळाला, म्हणून तो आसाकुसा नावाच्या जुन्या वस्तीत गेला. दाराशी माणसाच्या दुप्पट उंचीचा लाल कंदील. आत दुतर्फा दुकानं, त्यांत पाकातल्या लाह्यांच्या वड्या, अगदी आपल्या जत्रेत मिळतात तशाच. आणि शेवटी देऊळ. देवळापुढे एक अजस्र धूपपात्र होतं. लोक ओंजळीने धूर ओढून दुखऱ्या जागेवर घेत होते. कुणी गुडघ्यावर, कुणी डोक्यावर. सतीशने आरती घ्यावी तसे दोन्ही हात पुढे केले आणि तो धूर हेमासाठी स्वतःच्या छातीवर घेतला.

तिथे फुकट माहिती सांगणारी एक सत्तरीची बाई भेटली. ती मोडक्या इंग्रजीत म्हणाली, चौदाशे वर्षांपूर्वी दोन कोळी भाऊ इथल्या नदीत जाळं टाकून बसले होते. मासा काही मिळेना, जाळ्यात एक मूर्ती आली. त्यांनी परत पाण्यात टाकली. पुन्हा तीच आली. शेवटी घरी नेली. ती करुणेची देवता, कान्नोन. म्हणजे तुमच्याच देशातून आलेला अवलोकितेश्वर.

"दर्शन कुठे घ्यायचं?" सतीशने विचारलं.

"दर्शन नसतं. ती लपवलेली आहे. मी पाहिली नाही, माझ्या आजीने पाहिली नाही. तरी आम्ही येतो."

बाप रे! सतीशच्या अंगावर सरसरून काटा आला. मशीनच्या गेजवर काटा दाखवेल तेवढंच खरं मानणारा माणूस तो. आणि इथे चौदाशे वर्षं माणसं न दिसणाऱ्यापुढे हात जोडत होती. मग बाईने त्याला आवारातलं गिंकोचं एक जुनं झाड दाखवलं. युद्धात बाँबच्या आगीत देऊळ राख झालं, झाडही जळालं. लोकांनी देऊळ पुन्हा उभं केलं. झाड मात्र आपलं आपणच पालवलं. खोडाची एक बाजू अजून कोळशासारखी काळी होती, आणि वर हिरवीगार पानं. सतीश त्या काळ्या खोडाला हात लावून किती वेळ उभा होता, त्याचं त्यालाच कळलं नाही.

निघताना त्याने हेमाच्या नावाने कौल घेतला. डबा हलवायचा, काडी पडते, तिच्या नंबरच्या खणातून कागद घ्यायचा. शेजारी काही लोक आपले कागद तारांना बांधून चालले होते. काय वेडे लोक, देवळातला प्रसाद कुणी तिथेच सोडतं का? त्याने कागद न वाचताच कपाळाला लावला, खिशात ठेवला आणि घरी येऊन देव्हाऱ्यात ठेवायला हेमाच्या हाती दिला. उंटावरचा शहाणा!

काल संध्याकाळी दिवा लावताना मिहिकाने मूर्तीखालून डोकावणारं टोक पाहिलं आणि त्यावरची अक्षरं वाचली. पोरगी शाळेच्या क्लबमध्ये जपानी शिकते.

"बाबा, दिस इज बॅड लक," ती हळूच म्हणाली. "वाईट निघाला तर यू टाय इट अँड लीव्ह इट देअर. डोन्ट टेल आई."



आता कागद एकदाचा सुटला, आणि त्याच क्षणी मागून आवाज आला.

"काय करतोयस?"

हेमा केसांना टॉवेल गुंडाळून उभी होती. शॉवर कधी बंद झाला होता, देव जाणे.

"देव पुसत होतो."

"वीस वर्षांत पहिल्यांदा?"

सतीशने कागद पुढे केला. "हेमा, हा प्रसाद नाही गं. अपशकुनाचा कागद आहे. तिथेच बांधून यायचा असतो. मी गाढव, घरी घेऊन आलो. आता खाली झाडाला बांधून येतो."

"माहितीय."

"मिहिका बोलली?"

"मागच्या बाजूला बारीक इंग्रजीत लिहिलंय की. आजारी माणूस बरा होणं कठीण. पहिल्याच दिवशी वाचलं मी."

सतीशने कागद उलटून पाहिला. "आणि तरी हळदकुंकू वाहिलंस? टाकला का नाहीस?"

हेमाने त्याच्या हातातून कागद घेतला, त्याच्या घड्या नीट केल्या.

"रिपोर्ट आल्यापासून तू माझ्या छातीकडे बघून बोलायचास. जिना चढले तरी तिकडे, झोपले तरी तिकडे. मला मशीन झाल्यासारखं वाटायचं रे. जपानहून आलास तो बूट न काढताच सुरू झालास. कोळी, जाळं, झाड. तासभर तू माझ्या तोंडाकडे बघून बोललास. असा माणूस ज्या कागदाबरोबर घरी आला, तो वाईट कसा म्हणू?"

सतीशचे डोळे भरून आले. त्याने ते बाहीला पुसले.

"आणि वाईट असलाच, तर खाली झाडाला कशाला बांधायचा? तिथे पोरं खेळतात. देवाच्या पायाखाली आहे तो बरा आहे."

"आई, यल्ला! वी आर गेटिंग लेट," दारातून मिहिका ओरडली.

सतीशने तिच्याकडून कागद घेऊन होता तिथे ठेवला आणि त्यावर अन्नपूर्णा बसवली. चिमूटभर हळदकुंकूही वाहिलं. मग बॅग उचलली.

लिफ्टमध्ये हेमाने त्याचा हात धरला. तिची बोटं गार पडली होती.

"झाडाचं सांग."

"किती वेळा ऐकशील?"

"जळल्याचं नको. पालवी फुटली ते सांग."

सतीश तिच्याकडे वळला, तिच्या डोळ्यांत पाहिलं आणि सांगू लागला.