बहात्तर तास

मंगळवारी सकाळी अकराच्या सुमारास त्याने फोनवर चार लाख दहा हजार जिंकले, तेव्हा त्याच्या डाव्या हातात एका म्हातारीची खालची कवळी होती.

तो कवळ्या बनवायचा. दातांचे डॉक्टर जबड्यांचे साचे पाठवत आणि तो घराच्या पुढच्या खोलीत बसून त्यांवर मेण चढवी, दात बसवी, घासूनपुसून चकचकीत करून परत पाठवी. बावीस वर्षं हाच धंदा. या कामात थांबणं फार. प्लास्टर सुकेपर्यंत थांबा, कवळी गरम पाण्यात शिजेपर्यंत थांबा. त्या थांबण्यातच चौदा महिन्यांपूर्वी, फिरत्या चाकात चेंडू लालवर पडेल की काळ्यावर यावर पैसे लावायचं, रुलेटचं अ‍ॅप शिरलं. आधी दहा-वीस लावून गंमत, मग शंभर, मग हजार. मग अ‍ॅपवाल्यांनी त्याला 'मानाच्या टेबला'वर बढती दिली. तिथे पंचवीस हजारांच्या खाली कुणी लावूच शकत नसे. पडद्यावर एक खरीखुरी बाई चाक फिरवायची आणि हसून शुभेच्छा द्यायची. तिचं हसू दर अर्ध्या तासाने बदलायचं, कारण बाईच बदलायची.

जिंकल्याचा त्याला आनंद झाला नाही. लांबून ओझं आणलेल्या माणसाने ते खाली टेकवावं तसे खांदे सैल पडले, एवढंच. चौदा महिन्यांत त्याने चार लाख तीस हजार घालवले होते. चिनी मातीचे दात भाजायची भट्टी घ्यायची म्हणून त्याने आणि बायकोने सहा वर्षं साठवलेले. बायकोच्या समजुतीने ते बँकेत सुखरूप होते.

सगळी रक्कम खात्यात पाठवा, असं त्याने अ‍ॅपला सांगितलं. उत्तर आलं, 'आपली रक्कम बहात्तर तासांत जमा होईल.' त्याच्याखाली एक हिरवं बटण होतं. 'रक्कम पुन्हा खेळात घ्या.'

त्याने फोन पालथा ठेवला आणि कवळी घासायला घेतली. पाच मिनिटांनी फोन उलटून पाहिला. बटण होतं तिथेच होतं. तिसऱ्यांदा फोनकडे हात गेला तेव्हा तो उठला आणि आतल्या खोलीत गेला.

आत पलंगावर सासरे पडलेले होते. चार महिन्यांपूर्वी न्हाणीघरात घसरून त्यांचं कमरेचं हाड मोडलं, तेव्हापासून ते लेकीकडेच होते. उभा जन्म वीज कार्यालयाच्या तक्रार विभागात गेलेला. समोरच्याचं शेवटपर्यंत ऐकून घ्यायचं ही त्यांची जुनी खोड.

"बाबा, हा फोन तुमच्याकडे ठेवा. शुक्रवार दुपारपर्यंत. मी मागितला तरी द्यायचा नाही."

"का हो? कुणी त्रास देतंय का?"

"मीच देतोय."

मग पलंगाच्या कडेला बसून त्याने सगळं सांगितलं. चौदा महिने जे तोंडातून बाहेर पडलं नव्हतं ते सांगायला दहा मिनिटंसुद्धा लागली नाहीत, याचंच त्याला नवल वाटलं.

"पोरीला माहीत आहे?" म्हाताऱ्याने विचारलं.

"नाही. पैसे आले की सांगेन."

"पैसे आल्यावर कोण सांगतंय!" असं म्हणत म्हाताऱ्याने हात पुढे केला, फोन घेतला आणि उशीखाली सरकवला.

बुधवारी डॉक्टरांचे फोन येऊ लागले. ते घ्यायचं काम अर्थातच सासऱ्यांकडे आलं.

"अहो, डॉक्टर म्हणतात खालची कवळी रुततेय!" आतून आवाज यायचा.

"किती दिवस घालून पाहिली, विचारा!"

"ते म्हणतात, रुतते म्हटल्यावर घालणार कशी?"

दोन दिवसांत म्हाताऱ्याला तरतरी आली. कोणत्या डॉक्टरचा सूर चढा, कोण पैशाला चिकट, सगळं त्यांना पाठ झालं. जावयाचा जीव मात्र टांगणीला लागला होता. रिकामा हात खिशाकडे जायचा. डोळे मिटले की चाक फिरायचं. लाल, काळा, काळा, लाल. हरताना दमलो, जिंकूनही दमलो, मग हे सगळं नक्की कशासाठी चाललंय, असं त्याला वाटायचं. पण वाटून काय उपयोग? पालथ्या घड्यावर पाणी.

गुरुवारी दुपारी सासऱ्यांनी हाक मारली. अ‍ॅपचा निरोप आला होता. ओळखपत्र हातात धरून चेहऱ्याचा फोटो पाठवा, नाहीतर रक्कम रोखून धरू.

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं.

"तुम्ही शब्द दिलाय, फोन देणार नाही म्हणून," तो म्हणाला.

"अहो, पण फोटोशिवाय पैसे कसे येतील? मी शेजारी बसतो. चला."

वॉकर टेकत टेकत म्हातारा पुढच्या खोलीत आला. चार महिन्यांत पहिल्यांदाच. स्टुलावर बसून त्यांनी जावयाचा फोटो काढला. ओळखपत्र छान आलं होतं, पण गळ्याच्या वर काहीच नव्हतं.

"तुमचं डोकं कुठे गेलं?"

"तेच शोधतोय, बाबा."

दोघंही हसले. बऱ्याच दिवसांनी तो मोकळेपणी हसला. दुसरा फोटो नीट आला. तो पाठवायचं काम म्हाताऱ्याला जमेना, म्हणून फोन त्याच्या हातात आला. फोटो गेला. 'धन्यवाद' असं उमटलं आणि मागचं पान आपोआप उघडलं. चार लाख दहा हजार. हिरवं बटण.

म्हातारा फळीवर मांडलेल्या प्लास्टरच्या जबड्यांकडे कौतुकाने बघत होता. "काय हो, जबड्यावरून माणसाचा स्वभाव कळतो का?"

"थोडाफार. रागीट माणसाचे दात झिजलेले असतात."

हे बोलता बोलता त्याचा अंगठा बटणावर टेकला होता. का, ते त्याला नंतरही कधी धड सांगता आलं नाही. मनात इतकंच आलं, की वीस हजार कमी पडताहेत. एक फेरी लागली की चार लाख तीसच्या वर. सगळं पहिल्यासारखं. कुणाला काही सांगायलाच नको.

त्याने आवाज बंद केला. लालवर पंचवीस हजार. काळा आला. मग लालवर पन्नास. काळाच.

"आमच्या साहेबांचे दात मग पार हिरड्यांपर्यंत झिजले असतील," म्हातारा म्हणाला. "झालं का?"

"होतंय."

लालवर एक लाख. चेंडू लालवर टेकला, उडाला आणि शेजारच्या काळ्यात जाऊन बसला. पडद्यावरच्या बाईचे ओठ कुणाला तरी 'अभिनंदन' म्हणताना हलले. अंगठा चालतच होता. उरलेले दोन लाख पस्तीस हजार त्याने एकदमच लावले. चाक फिरत असताना त्याला फक्त झोपावंसं वाटत होतं.

"सरकारी कामासारखंच दिसतंय तुमचं. झालं?"

"झालं," तो म्हणाला आणि फोन परत दिला.

म्हाताऱ्याने तो जपून खिशात ठेवला. "उद्या दुपारपर्यंत ना? घोडामैदान जवळच आहे."

शुक्रवारी दुपारी ठरल्याप्रमाणे म्हाताऱ्याने फोन परत दिला. दुपार गेली. संध्याकाळ गेली. म्हातारा दर तासाला विचारायचा, बँकेचा निरोप आला का बघा. तो बघितल्यासारखं करायचा. शनिवारी सकाळी सासऱ्यांनी कागद मागितला.

"कशाला?"

"तक्रार करतो. लोकांचे पैसे असे अडकवून ठेवतात म्हणजे काय? अहो, तीस वर्षं मी लोकांच्या तक्रारी वाचल्या. कुठल्या पत्राला उत्तर द्यावंच लागतं, ते मला चांगलं कळतं."

दुपारपर्यंत ते लिहीत बसले. मग त्याला समोर बसवून, चष्मा सावरून, वाचायला लागले. "'महोदय, माझे जावई हे कष्टाळू व सरळमार्गी गृहस्थ असून, क्षणिक मोहापायी आपल्या खेळाकडे वळले होते. तथापि त्यांनी स्वतःहून, कोणी न सांगता, त्यातून बाहेर पडण्याचा निश्चय केला व तो माझ्या डोळ्यांदेखत पाळला. मी स्वतः साक्षीदार—'"

"बाबा, थांबा."

"पुढे ऐका, खरा मुद्दा पुढेच आहे."

"पैसे नाहीयेत, बाबा. गुरुवारीच गेले. फोटो पाठवल्यावर. तुम्ही शेजारी बसला होतात तेव्हा."

म्हातारा कागद धरून तसाच बसला. शेजारी म्हणजे नेमकं केव्हा, हे समजायला त्यांना वेळ लागला असावा. मग समजलं असावं. चष्मा काढून त्यांनी डोळे चोळले.

"मी जबड्यांबद्दल विचारत होतो तेव्हा?"

"हो."

"आणि तुम्ही उत्तरं देत होतात की."

त्याने मान खाली घातली. चार शिव्या हासडल्या असत्या तर बरं झालं असतं.

"मला फसवलंत त्याचं सोडा," म्हातारा म्हणाला. "पण दोन दिवस मला वाट बघायला लावलीत. ती तरी का?"

म्हाताऱ्याने पत्राची घडी घातली, आणखी एक घडी घातली.

"तिला तुम्ही सांगणार, की मी?"

"मी."

"आज."

"आजच."

बायको चपला-बुटांच्या दुकानात कामाला होती. दिवसभर लोकांच्या पायांशी वाकून संध्याकाळी घरी आली की ती आधी भिंतीला टेकून उभी राही, मग बसे. ती तशी उभी असतानाच त्याने सांगितलं. खांद्यावरची पिशवी तिने काढलीच नाही.

"सगळे?" तिने विचारलं.

"सगळे. परत आले होते. तेही गेले."

"परत आले होते," तिने ते शब्द चव बघावी तसे उच्चारले. "मला वाटायचं, तुला काहीतरी आजार झालाय आणि तू लपवतोयस. रात्र रात्र जागायचास. तीन महिने मी देवाला म्हणतेय, पैसे लागले तर भट्टीचे आहेतच, पण याला बरं कर." ती हसल्यासारखं करून थांबली. "बाबांना माहीत होतं?"

"मंगळवारपासून."

ती आत गेली आणि बापाच्या पलंगावर, त्यांच्या पायांशी, भिंतीकडे तोंड करून आडवी झाली. त्या दिवशी घरात कुणी जेवलं नाही.

दुसऱ्या दिवशी तिने अ‍ॅपचं खातं कायमचं बंद करायला लावलं, बँकेचे व्यवहार आपल्या हातात घेतले आणि त्याला बटणांचा साधा फोन आणून दिला. डॉक्टर कुरकुरले, कारण दातांच्या रंगाचे फोटो आता तिच्या फोनवर पाठवावे लागत. शहरात जुगार सोडू पाहणाऱ्या लोकांची दर बुधवारी एक बैठक भरायची, तिथे तो जाऊ लागला. पहिल्या दिवशी शेजारी एक निवृत्त परिचारिका बसली होती. ती म्हणाली, "मला अकरा वर्षं झाली. अजूनही जाहिरात दिसली की हाताला घाम येतो." ऐकून त्याला धीर आला नाही, पण खोटं वाटलं नाही.

बायको कामापुरतं बोलायची. 'अमक्या डॉक्टरांचा फोटो आलाय.' 'शेड हलकी हवी म्हणतात.' सासरे काठीवर चालायला लागले आणि थोरल्या लेकीकडे गेले. निघताना त्यांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला.

सातव्या महिन्यात, एका सुट्टीच्या दिवशी दुपारी, ती अचानक पुढच्या खोलीत आली आणि स्टुलावर बसली. "काय चाललंय?" एवढंच तिने विचारलं.

"वरचे सहा दात लावतोय. हसताना दिसतात ते."

"दाखव."

तो एकेक दात गरम मेणात बसवून, किंचित कलता करून दाखवू लागला. अगदी सरळ रांगेत लावले की खोटे वाटतात, एखादा थोडा वाकडा हवा, असं सांगत होता. चौथ्या दाताला त्याने मान वर केली, तर तिचं डोकं भिंतीला टेकलेलं होतं, तोंड जरासं उघडं. तिला झोप लागली होती.

पुढचं काम मोटरवर घासायचं होतं. मोटरचा आवाज मोठा. त्याने ती चालू केली नाही. बारीक कानस घेतली आणि हातानेच, सावकाश, घासत बसला.