मॅडमच्या घरची गृहभेट

तक्रारीवरचा पत्ता वाचला आणि ती फाइल दुसऱ्या कुणाच्या तरी टेबलावर सरकवावीशी वाटली. घर शोभाताईंचं होतं, आमच्या मॅडमचं. नागपुरात त्यांनी उभा जन्म समाजकार्य शिकवलं. घरातल्या मारहाणीवर त्यांचं संशोधन, त्यांचंच पुस्तक, आणि मी त्यांची लाडकी विद्यार्थिनी. आता मी सरकारची महिला संरक्षण अधिकारी, आणि शेजाऱ्यांचं म्हणणं की त्यांचा मुलगा उन्मेष बायकोला मारतो. आमच्या ऑफिसात त्यांच्या हाताखालून न गेलेलं कुणी नव्हतंच. शेवटी मीच गेले.

दार मॅडमनीच उघडलं. "सुनेला एकटीलाच भेटशील ना, अदिती? मी बाहेर बसते." हा नियमही त्यांनीच शिकवलेला. मला चक्क हायसं वाटलं. जी बाई स्वतःहून उठून जाते, तिच्या घरात काय वावगं असणार?

सून पिंकी कुहीकडच्या खेड्यातली. आतल्या खोलीत पलंगाच्या कडेला बसली होती, एवढ्या उकाड्यात लांब बाह्यांचा कुर्ता घालून. जेवणखाण नीट होतं का, असं विचारून मी सुरुवात केली.

"जेवण वेळेवर होते," ती म्हणाली. "झोप लागते. माहेरी फोन करू देतात. हाताले लागलं ते गच्चीत पडली म्हणून."

मी फक्त जेवणाचं विचारलं होतं. बाकीचे प्रश्न अजून माझ्या तोंडातच होते. जेवण, झोप, माहेर आणि सगळ्यात शेवटी जखमा, हा विचारण्याचा क्रम मॅडमच्या पुस्तकातला. आम्ही सगळ्या तो घोकून पास झालो.

"कोणी पढवलं तुले?" मी आवाज खाली आणून विचारलं.

तिनं दाराकडे पाहिलं. "त्याईनंच, सासूबाईनं. काल तुमच्या ऑफिसातून फोन आलता. मंग मले बसवलं अन् सारं बोलून घेतलं."

असा संताप आला की दारावर लाथ मारावी. सभेत बायकांच्या बाजूनं गळा काढायचा, आणि तीच विद्या घरी मुलाला वाचवायला वापरायची. "कपडे घे," मी म्हटलं. "आत्ताच चल माझ्यासोबत."

"कुठं?"

"महिला आधारगृहात."

"तिथं गेलती मी, दिवाळीच्या आधी. तिथल्या बाईनं च्या पाजला, डोक्यावरून हात फिरवला, अन् बाहेर जाऊन याईलेच फोन लावला. ह्या गाडी घेऊन आल्या मले घ्यायले."

तिथली अधीक्षक प्रीती, माझ्याच वर्गातली. मी दुसरं नाव शोधायला लागले. पोलिसांकडची समुपदेशक, सदर भागातल्या महिला संस्थेची संचालिका, कन्हान गावातलं समुपदेशन केंद्र चालवणारी. मॅडमच्या निरोप समारंभात या सगळ्या पहिल्या रांगेत बसून रडत होत्या.

"मी नाही फोन करणार," मी म्हणाले. "मी तशी नाही, पिंकी."

ती रागावली नाही. मला समजावल्यासारखं बोलली. "ताई, तुमी घरात आल्या अन् पहिले त्याईच्या पाया पडल्या. मी सयपाकघरातून पाह्यलं."

खरंच पडले होते, सवयीनं. ती उठली आणि तिनं दार उघडलं.

"आई, झालं आमचं," ती म्हणाली.