फटफटीची वात

“लोखंडाला बी थंडी वाजती, सूनबाई. आधी त्येला ऊब द्यावी, मग लाथ द्यावी.”

तंबाखूनं घोगरा झालेला मामंजींचा हा आवाज मनुबाईच्या कानात अजून तसाच होता. मामंजींना जाऊन वर्ष झालं. पण मार्गशीर्ष लागला, कुंडलच्या डोंगरावरून गार वारं खाली उतरलं, आणि सकाळची ती चुलीपुढं बसली, की पाठीमागच्या उंबऱ्यावर कुणीतरी घोंगडं सावरून बसल्यासारखं वाटायचं. मग तिचा हात चिमट्याकडं जायचा आणि तिथंच थांबायचा.

तीन वर्षांमागं तो चिमटा रोज लागायचा. लढाई संपली, नाथाजी इटलीहून घरी आला आणि येताना पुण्यातल्या लष्करी लिलावातून फटफटी घेऊन आला. पलटणीत तो असल्याच गाडीवरून निरोप पोचवायचा. चार वर्षांनी परतलेला नवरा बायकोशी मोजकं बोलायचा, बापाशी त्याहून मोजकं. फटफटीशी मात्र भरभरून बोलायचा, कारण ती चालूच व्हायची नाही.

सकाळी सकाळी अंगणात तिची पूजा मांडली जायची. मामंजी इंजिनाखाली तापलेल्या विटा सरकवायचे. मनुबाई गरम राखेची पोटली करून द्यायची, नाथाजी तिनं ठिणगी पाडणारी चुंबकाची पेटी शेकवायचा, कारण दंव पडलं की पेटी ओल धरायची. काड्यापेटीची घासायची बाजू फाडून तो ठिणगीची टोकं घासायचा. आणि सगळ्यात मोठा मान प्लगचा. नाथाजी तो पान्यानं काढून आत पाठवायचा, मनुबाई चिमट्यात धरून निखाऱ्यावर शेकायची, कोमट झाला की पदरात घेऊन धावत बाहेर द्यायची. मामंजी त्याला वात म्हणायचे. जी पेटते ती वातच की, असं त्यांचं म्हणणं. मग लाथा सुरू. इतकं करूनही रुसली, तर शेजारपाजारचे चारजण मिळून तिला ओढ्याच्या उताराला ढकलत न्यायचे, आणि म्हाताऱ्या बायका तोंडाला पदर लावून हसायच्या.

मनुबाईनं जात्यावर ओवीसुद्धा बांधली होती:

लोखंडाचा घोडा, दाना खाईना, पानी पिईना
धन्याच्या लाथेबिगर त्येचा राग जाईना

नाथाजीनं ती भिंतीआडून ऐकली आणि परत आल्यापासून पहिल्यांदा मोठ्यानं हसला. ते हसू मनुबाईनं जपून ठेवलं होतं, लुगड्याच्या घडीत कापूर ठेवावा तसं.

एवढ्या सगळ्या इलाजांत एक इलाज मामंजींचा खास. जन्म बैलांत गेलेला माणूस. बैलाचं पोट धरलं की ते बांबूच्या तिरक्या कापलेल्या नळीनं त्याला करडईचं तेल पाजायचे. एकदा फटफटीला नुसत्याच लाथा बसत होत्या, आत काही दाब धरत नव्हता, तेव्हा त्यांनी तीच नळी आणली आणि वातीच्या भोकातून चमचाभर तेल आत सोडलं. नाथाजी कपाळाला हात लावून बघत राहिला. चौथ्या लाथेला फटफटीनं निळा धूर सोडला आणि सुरू झाली. झिजलेल्या इंजिनात तेलामुळं दाब धरला, असं त्याचं कारण नाथाजीनं नंतर सांगितलं. मामंजी म्हणाले, कारण तुमचं, गुण माझा.

मग ती सोमवारची सकाळ आली.

साताऱ्याच्या एका मोटारवाल्यानं नाथाजीला मिस्त्रीच्या जागेसाठी बोलावलं होतं. दुपारच्या आत पोचायचं होतं. पहाटेची रेल्वे कधीच निघून गेली होती, पण नाथाजीला तिची फिकीर नव्हती. त्याला फटफटीवरूनच जायचं होतं. मालकाच्या दारात तिचा आवाज करत उतरायचं, म्हणजे आणखी काही सांगावं लागणार नाही, असं त्यानं आदल्या दिवशी दोनदा बोलून दाखवलं होतं.

मनुबाई एका हातानं भाकरी थापत होती, दुसऱ्या हातानं वात शेकत होती. बाहेरून नाथाजीची हाक आली. पुन्हा आली. घाईत निखारा जास्त लागला आणि वात लालबुंद झाली. धरायची कशी? लोहार तापलेला फाळ पाण्यात घालतो, तेवढंच तिला ठाऊक. काठवटीतलं ओंजळभर पाणी तिनं वातीवर टाकलं.

चर्र झालं. आणि त्या चर्रच्या पोटात एक बारीक टिच्च.

वातीच्या पांढऱ्या चिनीमातीच्या मानेवर केसाएवढी रेघ उमटली होती. मनुबाईनं ती बघितली. सांगावं म्हणून तोंड उघडलं. पण त्याच क्षणी, कुठल्या तळातून कोण जाणे, एक बारीक आनंद वर आला. आता हे जाणार नाहीत. चार वर्षं जिनं पोस्टमनच्या सायकलची घंटा ऐकून काळीज मुठीत धरलं होतं, तिचा तो आनंद होता. पापणी लवायच्या आत तो विझला, पण तोवर वात तिनं राखेनं पुसून पदरात घेतली होती. उंबऱ्यावर मामंजी बसले होते. त्यांनी तिच्या तोंडाकडं पाहिलं आणि मग आपल्या तंबाखूच्या चंचीकडं.

लाथा झाल्या, पोटल्या झाल्या, उतार झाला. शेवटी मामंजींनी नळीनं तेल सोडलं. तरीही काही नाही. नाथाजीनं वात काढली, तर ती तेलानं निथळत होती आणि ठिणगीचं नाव नव्हतं. ऊन अंगणभर पसरलं. साताऱ्याची दुपार हातची गेली होती.

“तुमच्या त्यालानं घात केला, आबा,” नाथाजी म्हणाला. आवाज चढला नव्हता, त्यानंच जास्त लागलं. “ह्यो काय बैल हाय व्हय?”

मनुबाई दारात उभी होती. तिचे ओठ हलले. शब्द फुटायच्या आत मामंजी बोलले, “व्हय रं. जादाच पडलं माझ्या हातनं.”

नाथाजीनं ती वात उकिरड्यावर भिरकावली. संध्याकाळी मामंजी काठी टेकत गेले, राखेतून ती शोधून आणली आणि मनुबाईच्या हातावर ठेवली. कुणाच्या नजरेला पडू देऊ नको, एवढंच म्हणाले. ती पाया पडायला वाकली, तर त्यांनी पाय मागं घेतले. चूक कुणाची ते विचारलं नाही, कशी झाली तेही विचारलं नाही.

तीन दिवसांनी नाथाजीनं सांगलीहून नवा प्लग आणला आणि फटफटी सुरू झाली. पण साताऱ्याची जागा दुसऱ्या कुणाला मिळाली होती. नाथाजी गावातच राहिला, विहिरींवरची तेलाची इंजिनं दुरुस्त करायला लागला, आणि खरं सांगायचं तर त्याचं चांगलंच चाललं. कुंडलपासून पलूसपर्यंत कुठलं इंजिन खोकलं तरी नाथाजीला सांगावा यायचा. फक्त त्या दिवसानंतर त्यानं बापाला फटफटीला हात लावू दिला नाही. मामंजी उंबऱ्यावर घोंगडं पांघरून बसायचे आणि दुरून बघायचे. विटा तापायच्या, पण सरकवायला त्यांना कुणी बोलवायचं नाही. ती नळी वळचणीला खोचलेली होती. एकदा मनुबाईनं तिच्यावरची जळमटं झाडली, तर त्यांनी मान हलवून नको म्हटलं.

दोन वर्षं ते असेच दुरून बघत राहिले, आणि गेले. तेराव्यानंतर जात्यावर बसलेल्या मनुबाईच्या तोंडून आपोआप ओवी आली:

सासरा गं न्हवं, माझ्या दारीचा वड गार
लेकीच्या चुकीचा त्येनं उचलीला भार

दुसरी ओळ तिनं इतकी हळू म्हटली की जात्याच्या घरघरीत ती पिठासारखी बारीक होऊन गेली.

आणि आता रहिमतपूरचे नानासो फटफटी विकत घ्यायला आले होते. लठ्ठ, बोलका माणूस. दसऱ्यापासून गोठ्याकडेला उभी असलेली गाडी नाथाजीनं अंगणात आणली आणि लाथा घालायला सुरुवात केली. गाडी ढिम्म. नानासो बाजेवर बसून चहा पीत म्हणाले, आम्हाला वाटलं गाडी घ्यायला आलोय, ही तर मूर्ती दिसतेय, नवसाला पावली तर बघा. नाथाजीनं प्लग साफ केला, टोकं घासली, पोटलीनं पेटी शेकली. घाम पुसत तो हसला आणि नानासोंना ती जुनी गोष्ट सांगायला लागला. आबांनी फटफटीला बैलाचं औषध पाजलं आणि माझी साताऱ्याची वाट बुजवली. नानासो खो खो हसले. नाथाजीही हसत होता, पण त्याचं हसू ओठांच्या आतल्या बाजूला थांबलं होतं.

“ही बघा, हीच ती नळी,” त्यानं वळचणीतून ती उपसली आणि मनुबाईकडं केली. “घे गं, चुलीत घाल. उगं जळमटं धरतीया.”

मनुबाईनं नळी घेतली. चुलीपर्यंत गेली. नळीच्या तोंडाला मामंजींच्या अंगठ्यानं घासून गुळगुळीत झालेली जागा होती, तिच्यावर तिचं बोट टेकलं. तिनं तेलाचं बुधलं काढलं, नळीत चमचाभर करडईचं तेल ओतलं, बोटानं तोंड दाबून धरलं आणि पाहुण्यासमोर कधी न आलेली ती बाई अंगणात आली.

“आवं, एकडाव मामंजींचं औषिद बघा.”

नाथाजीच्या कपाळाला आठी पडली. नानासोंनी मात्र बशी खाली ठेवली आणि म्हणाले, “बघा की, नाथाजीराव. बैल न्हाई तर वासरू तरी हुंबरंल.”

पाहुण्यापुढं बायकोला नाही कसं म्हणायचं? त्यानं प्लग काढला. तिनं नळी तिरकी धरून तेल आत सोडलं. त्यानं प्लग बसवला आणि लाथ घातली. पायाला खालून काहीतरी भेटलं, दाब धरला होता. दुसरी लाथ. तिसरीला फटफटी खोकली, निळा धूर अंगणभर झाला, कोंबड्या पांगल्या, आणि मग तो जुना फट् फट् आवाज भिंतीला भिडून परत आला.

नानासो टाळ्या पिटत उठले, पाठीमागच्या चाकाकडं वाकून बघायला लागले. नाथाजी मात्र हलला नाही. मुठीवरचा हात तसाच होता. तो नळीकडं बघत होता.

“मग तवा का न्हाई झाली?” तो हळूच म्हणाला. फटफटीला विचारावं तसं, किंवा उंबऱ्याला.

मनुबाई घरात गेली. उतरंडीची सगळी मडकी एकेक करून उतरवली, तळच्या मडक्यातल्या मिठात हात घातला. बाहेर आली तेव्हा तिच्या तळव्यावर गंजलेली वात होती. तिनं ती नाथाजीच्या हातात दिली, आणि मानेवरची केसाएवढी रेघ नखानं दाखवली.

फटफटीच्या आवाजात नानासोंना काही ऐकू जाणार नव्हतं. तरी ती त्याच्या अगदी जवळ सरकली.

“त्येल न्हवतं, धनी. तापल्या वातीवर म्या पानी टाकलं, ती फुटली. मामंजींनी उंबऱ्यावरनं ऐकलं हुतं, आन् आळ आपल्या अंगावर घेतला. म्या तवा बोलले न्हाई. तुमी जानार न्हाई म्हनून मला बरं वाटलं हुतं.”