ओल्या टाकीचा दोर

मी टाकी बोलतेय. गच्चीवरची नव्हे हो, चाकांवर फिरणाऱ्या घराच्या पोटाखालची, हवेची. मला बघायचं तर बर्फात गुडघे टेकून वाकावं लागतं, आणि सस्कॅचवानच्या नोव्हेंबरात एवढी हौस फारच थोड्यांना असते.

माझ्या शेजारी आणखी दोन टाक्या आहेत. त्या नशीबवान. इंजिनाजवळचा पंप बाहेरची हवा दाबून आत ढकलतो. ती आधी कोरडी करणाऱ्या डब्यातून जाते आणि मग पहिली माझ्याकडे येते. डब्याच्या तावडीतून सुटलेला ओलावा माझ्या तळाशी पाणी होऊन बसतो आणि शेजारणींना आयती कोरडी हवा मिळते. म्हणून गॅरेजवाले मला ओली टाकी म्हणतात. गाडीचे ब्रेक आमच्या हवेवर चालतात, आणि धक्के झेलणाऱ्या रबरी उशासुद्धा. तरी माणसं कौतुक करतात ते आतल्या ओव्हनचं!

कारखान्यात माझा पत्रा वाकवला, टोकं जोडली, पाण्यात बुडवून बुडबुडे येतात का ते पाहिलं आणि काळा रंग फासला. एवढंच माझं बालपण. पहिला मालक दातांचा डॉक्टर होता. रोज लोकांच्या तोंडात डोकावणाऱ्या त्या माणसाला गाडीखाली डोकावायला चार वर्षांत एकदाही सवड झाली नाही.

मग ऑरेस्ट ह्रिंचुक आला. यॉर्कटनचा. चौतीस वर्षं धान्याचा ट्रक हाकून निवृत्त झालेला. बायको व्हर्ना आत कपाटं उघडून बघत होती आणि हा गाडीखाली उताणा पडला होता.

"अगं व्हर्ना, हिच्या पोटात बादलीभर पाणी आहे!"

"मग पुरव तिचे डोहाळे," आतून आवाज आला. "मी बिछाना बघतेय."

मी तर त्याच दिवशी त्याची झाले. माझ्या तळाशी पाणी सोडायची झडप होती. तिला त्याने नवा दोर बांधला, आणि हातमोजे घालूनही पकडता यावा म्हणून टोकाला बर्फावरच्या हॉकीतली रबरी चकती भोक पाडून अडकवली. पुढची अकरा वर्षं, मुक्कामाला गाडी थांबली की कॉफीच्या आधी तो माझ्याकडे यायचा. दोर ओढायचा. मी फस्सकन शिंकायचे आणि पाणी बाहेर टाकायचे. दर नोव्हेंबरात ॲरिझोनाच्या उन्हाकडे आणि एप्रिलमध्ये घरी, हे आमचं वर्ष.

दोन वर्षांपूर्वी ऑरेस्टची नजर कमी झाली आणि स्टिअरिंग व्हर्नाकडे गेलं. तेव्हा तो हसून म्हणाला, "वरचं खातं तुझं, खालचं माझं." हसला खरा, पण मला त्याचं वाईट वाटलं. ज्याने आयुष्यभर गाडी हाकली, त्याच्या हातात आता फक्त माझा दोर उरला होता.

गेल्या नोव्हेंबरात युद्धातल्या जवानांचा स्मृतिदिन झाला की दुसऱ्या दिवशी निघायचं ठरलं होतं. दिवसभर कोटांवर लाल फुलं लावून दोघं गावात फिरली, व्हर्ना गाडीत डिझेल भरून आली, आणि अंगणात उतरता उतरता तिने विचारलं, "पाणी काढशील ना?"

"हो, हा चाललो."

तो आला. माझ्यासमोर उभा राहिला. हातमोजा काढला, परत घातला. मग त्याला पायऱ्यांवरचा बर्फ दिसला, त्याने फावडं घेतलं, पायऱ्या साफ केल्या आणि तो घरात गेला. व्हर्नाने पुन्हा विचारलं तेव्हा म्हणाला, "काढलं की." तो खोटं बोलला नाही. इतक्या वर्षांत हजारो वेळा ओढलेला दोर, त्यातली कुठली तरी एक वेळ त्याला आजची वाटली. मला सगळं कळत होतं, पण टाकीला ओरडता कुठे येतं?

त्या रात्री पारा उणे एकोणतीसवर गेला. सकाळी निघायचं म्हणून व्हर्नाने ब्रेक सोडायचं बटण दाबलं, तर चाकं हलेनात. पाणी पुढे जाऊन झडपांत गोठलं होतं आणि गाडी डावीकडे कलली होती. ऑरेस्टने शेडमधून स्पिरिटची बाटली आणली. गोठलेल्या नळ्यांवर जुन्या ट्रकवाल्यांचं ते रामबाण औषध होतं.

"अरे, ओतू नको म्हणून पुस्तकात लिहिलंय!" व्हर्ना म्हणाली.

"पुस्तक लिहिणारा थंडीत मूसजॉला अडकला होता का कधी?" म्हणत त्याने हवेच्या नळीत सगळी बाटली रिकामी केली. नव्या गाड्यांतल्या रबराला ते सोसत नाही. झडपांचं रबर फुगलं, हवा कोरडी करणाऱ्या डब्यातल्या, ओलावा शोषणाऱ्या दाण्यांचा चिखल झाला.

मग लॉर्न मेकॅनिक आला. त्याने गाडीभोवती ताडपत्री बांधली, खाली गरम हवेचा पंखा सोडला आणि दोन तासांनी मला रिकामी केली.

"काय हे पाणी! कुणाकडे होतं काढायचं? आणि हे स्पिरिट कुणाच्या सुपीक डोक्यातून आलं?"

ऑरेस्टचा चेहरा पांढराफटक पडला. "मी तर... काल..." एवढंच तो बोलला.

"माझ्या डोक्यातून," व्हर्ना पुढे झाली. "आणि पाणीही मीच काढणार होते. राहून गेलं."

"काकू, ब्रेकशी खेळ नको. उतारावर असं झालं असतं तर दोघांचे फोटो भिंतीवर लागले असते."

व्हर्नाने मान खाली घालून ऐकून घेतलं. दुरुस्तीला चार दिवस लागले. त्या चार दिवसांत ऑरेस्ट धड जेवला नाही. शेवटी पिरोगीची ताटली बाजूला सारून म्हणाला, "यंदा नको जायला. गाडी विकून टाकू."

"वसंतात विकू," ती म्हणाली. "आधी मला उन्हात बसायचंय."

आम्ही निघालो. पहिला मुक्काम स्विफ्ट करंटला. ऑरेस्ट आत कोट शोधत होता तेवढ्यात, विजेची तार जोडायचं निमित्त करून व्हर्ना मागून आली, गुडघ्यांवर बसली आणि तिने गुपचूप दोर ओढला. थोड्या वेळाने त्यालाही आठवण झाली. त्याने ओढला तेव्हा माझ्याकडून नुसती कोरडी हवा आली.

"टाकी ठणठणीत कोरडी!" तो आत जाऊन म्हणाला. किती दिवसांनी त्याचा आवाज मोकळा झाला होता.

दुसरा मुक्काम मोंटानात. तिथेही ती आधी येऊन गेली. तो आला, त्याने दोर ओढला, कोरडी हवा ऐकली आणि खाली पाहिलं. बर्फात दोन गुडघ्यांचे ठसे होते आणि मधे नुकत्याच गोठलेल्या पाण्याचा चट्टा. नजर कमी झाली तरी चौतीस वर्षं ट्रक हाकलेला तो, त्याला एवढं न कळायला काय झालं? मला वाटलं, संपलं सगळं, हा आता इथूनच परत फिरायला सांगणार. पण आत जाऊन तो फक्त "कोरडी आहे" म्हणाला.

तिसऱ्या दिवशी आयडाहोत व्हर्ना चोरपावलांनी आली आणि थबकली. माझ्याखाली गालिच्याचा तुकडा घडी करून ठेवला होता. ती त्यावर बसली. दोराला हात लावेना.

"गुडघे भिजतात तुझे," मागून ऑरेस्ट म्हणाला.

तिने वळून पाहिलं नाही. "कधी कळलं?"

"काल. लॉर्नच्या शिव्याही माझ्यासाठीच खाल्ल्यास, ते तर तेव्हाच कळलं होतं."

"मग काय करणार होते? एवढं एकच काम तुझ्याकडे उरलंय. तेही हिसकावून घेऊ?"

तो कण्हत कण्हत तिच्याशेजारी टेकला. "हिसकावू नकोस. पण चोरूनही करू नकोस गं. विसरलो, तर विसरलास म्हण. मला ते ऐकवेल. तू अशी लपूनछपून गाडीखाली शिरतेस, ते नाही बघवत."

व्हर्ना डोळे पुसत हसली आणि बाजूला सरकली. दोर त्यानेच ओढला.

सध्या आम्ही परतीच्या वाटेवर आहोत. एप्रिल असला तरी मोंटानात अजून बर्फ आहे. गाडी विकायची की नाही, ते मला कुणी सांगितलेलं नाही. विकलीत तर एवढंच करा, घेणाऱ्याला आधी खाली वाकवून माझा दोर दाखवा, ओव्हन मागाहून. मी आता म्हातारी झालेय, तळाला गंजही धरलाय, पण रोज पाणी काढलंत तर अजून बरीच वर्षं तुमचे ब्रेक सांभाळीन.

चार वाजत आलेत. गाडी थांबून अर्धा तास झाला आणि ऑरेस्ट शेजारच्या गाडीवाल्याशी गप्पा मारत उभा आहे. खिडकी उघडली.

"ऑरेस्ट, विसरलास!" गाड्यांच्या साऱ्या तळाला ऐकू जाईल अशा आवाजात व्हर्ना ओरडली.

"विसरलो!" तोही तेवढ्याच मोठ्याने ओरडला, आणि आला.